डोळ्यातलं फूल किती खोल आहे, यावर सगळं आहे

कुणीतरी विचारलंय की लेझरने चष्म्याचा नंबर जातो, तर डोळ्यात पडलेलं फूल, म्हणजे कॉर्नियावरचा (बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावरचा) पांढरा डागही निघेल का? निघतं, पण वरवरचं असेल तरच.

कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नंबर काढणाऱ्या एक्सायमर लेझरचा (तरंगलांबी १९३ नॅनोमीटर) एकेक ठोका त्यातला साधारण पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर उडवतो, तोही आजूबाजूचा भाग न भाजता. हा गुण १९८१ मध्ये आयबीएममधल्या श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांना सापडला, तो जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर प्रयोग करताना! नंबरासाठी नव्हे, तर कॉर्नियाच्या आजारासाठी हाच लेझर वापरला की त्याला पीटीके (फोटोथेराप्युटिक केराटेक्टॉमी) म्हणतात. वरच्या थरातले व्रण, काही आनुवंशिक डिस्ट्रॉफी (कॉर्निया हळूहळू गढूळ होण्याचे आजार), आणि सकाळी डोळा उघडताना पापणीबरोबर कॉर्नियाची वरची त्वचा सोलून निघते तो त्रासदायक प्रकार, यांत त्याचा चांगला उपयोग होतो.

खोलवरच्या फुलाला मात्र हा उपाय नाही. तेवढं खरवडलं तर कॉर्निया पातळ होऊन कमकुवत होतो. तिथे प्रत्यारोपणाचाच विचार करावा लागतो. आणि एक गोष्ट आधी विचारून घ्या: मधला भाग सपाट झाल्याने नंतर प्लस नंबर येऊ शकतो. म्हणजे डाग गेला तरी चष्मा लागणार, याची तयारी हवी. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. डिस्ट्रॉफी काही वर्षांनी परतही येऊ शकते.

केराटोकोनसवर (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो त्या आजारावर) कुणीतरी लॅसिक, म्हणजे लेझरने नंबर काढायची शस्त्रक्रिया सुचवलीय. कृपया नको! आधीच पातळ झालेला कॉर्निया त्याने आणखी फुगू शकतो.