आईच्या अकरा साड्या, एक गोधडी आणि मधोमध येणारा फुगा

आठबाराची_स्लो (गोरेगाव)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत आईने अकरा सुती साड्या माझ्यापुढे टाकल्या. म्हणाली, "मी आता ड्रेसच घालते. हव्या तर ठेव, नाहीतर बोहारीण आली की देऊन टाक, एखादं पातेलं तरी येईल." पातेल्यापेक्षा गोधडी शिवेन, असं मी तोऱ्यात बोलून गेले. आता मे उजाडला. साड्या पलंगाखालच्या बॅगेत आहेत आणि आई दर रविवारी फोनवर विचारते, "कुठवर आली गं?"

शिवण अगदीच येत नाही असं नाही. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला धावदोरा, हेमिंग, काजं सगळं घातलंय. अडचण निराळीच आहे. मोबाइलमध्ये मी गोधड्यांचे, रजयांचे, परदेशी क्विल्टचे दोनशेच्या वर फोटो साठवलेत. रात्री बघत बसते, जीव हरखतो. सकाळी बॅग उघडली की त्यातलं एकही या साड्यांत बसत नाही. एक मोरपिशी नारायणपेठ, दोन इरकली, एक लिंबू रंगाची वॉयल आणि बाकी फुलाफुलांच्या. कशाचा कशाशी मेळ नाही.

मार्चमध्ये धीर करून जुनी ओढणी आणि फाटकी चादर घेतली, दोन फुटांचं दुपटं शिवून बघितलं. चारी कडांनी शिवत शिवत आत आले, तर मधोमध पुरीसारखा टम्म फुगा. उसवलं, परत शिवलं, परत तेच. नवरा म्हणाला, राहू दे, उशी म्हणून वापरू.

तर फुगा का येतो? आणि नक्षी सुचते कुठून तुम्हा लोकांना? शिवाय मुंबईच्या उकाड्यात गोधडी पांघरणार कोण, असं सासूबाई विचारतात. त्यावरही काही उत्तर असेल तर द्या, मला तरी सुचलं नाही.

नेढं_दिसेना (मुलुंड, मूळ लालबाग)

फुग्याचं आधी सांगते, ते सोपं आहे. तुम्ही थर नुसते एकावर एक ठेवून शिवायला बसलात ना? धावदोरा घालताना प्रत्येक टाक्याला वरचं कापड केसभर पुढे सरकतं. चारी बाजूंनी तुम्ही ते आत हाकलत आणलंत. मधे त्याला जायला जागा कुठे आहे? वर आलं.

आमच्याकडे गोधडी मांडीवर सुरू होत नसे. आधी लादीवर पसरायची. खालचा थर ताणून त्याच्या चार कोपऱ्यांवर वरवंटा, इस्त्री आणि पाणी भरलेले दोन तांबे. मग एकेक थर टाकून तळहाताने मधून कडेकडे निपटत जायचं. मग वीतवीत अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके, पांढऱ्या दोऱ्याने, लांब लांब. एवढं झाल्यावरच ती उचलायची आणि पक्का धावदोरा कडेने सुरू करायचा. एक हात कायम खाली. वरचा हात सुई चालवतो, खालचा हात कापड सपाट करत राहतो. दोरा ओढून घट्ट करायचा नाही आणि हातभरापेक्षा लांब घ्यायचा नाही, गुंता होतो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा फिरवलात तर सुरसुर जातो.

एवढं करूनही फुगा आलाच तर? माझ्या आजीच्या गोधडीत बरोबर मधे एक हिरवा चौकोन होता. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून झोपायचे, मला वाटायचं केवढी छान नक्षी. पन्नाशी उलटल्यावर ती गोधडी दुरुस्तीला घेतली, चौकोन उसवला, तर खाली कापडाला घातलेला चिमटा! म्हातारीलाही फुगा आला होता. तिने तो दुमडला, वर ठिगळ मारलं आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही.

नक्षीचं आता. त्याच गोधडीचं सांगते. आजोबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मिलचे फेंट, म्हणजे ठाणाचे उरलेसुरले तुकडे, स्वस्तात घरी यायचे. गोधडीच्या एका बाजूला सगळे कोरे चौकोन आहेत. चेक्स, बारीक रेघा, एक गुलाबी पॉपलिन, अजून कडक वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. फेंट बंद. तिथून पुढे त्या गोधडीत काय आहे? माझा शाळेचा निळा पिनाफोर, भावाची खाकी चड्डी, आजोबांचा लेंगा, एका उशीचा अभ्रा. आजीने रंगसंगती बिंगसंगती कधी केली नाही. पण खाकी कुठे एकत्र येऊ दिली नाही, दर दोन चौकोनांनंतर एक, अशी फिरवली. मला तर ती तेवढीच बाजू जास्त आवडते.

मी स्वतः पहिली नक्षी घेतली ती आमच्या खोलीच्या लादीवरून. दहा बाय बाराची खोली. लाल, काळ्या आणि सायीच्या रंगाच्या शंकरपाळ्या, तीन एकत्र आल्या की डब्बा ठेवल्यासारखा भास होतो. असली सिमेंटची लादी परळ-लालबाग-गिरगावात जुन्या घरांत खूप दिसायची. मुंबईतच बनायची. भारत टाइल्स ही कंपनी १९२२ सालची. आमची नेमकी कोणाची होती ते विचारू नका. बिल्डिंग पाडायला निघाली तेव्हा मी सामान बांधायचं सोडून लादीवर कागद ठेवून शंकरपाळी पेन्सिलने उतरवत बसले होते. घरातले म्हणाले हिचं डोकं फिरलं.

आणि मग चूक केली. शंकरपाळीच्या आकारात कापड सरळ कापत सुटले. शंकरपाळीच्या निदान दोन बाजू तिरक्या धाग्यावर येतात, आणि तिरकं कापलेलं कापड नुसतं हातात धरलं तरी लांबतं. साठ तुकडे जोडले आणि सगळं अंग वाकडं. चांगल्या दोन साड्या वाया. त्यानंतर कागद वापरायला लागले. कालनिर्णयची जुनी पानं कामाला येतात, कागद जाड असतो. कागदाची शंकरपाळी कापायची, तिच्यावर अर्धा इंच मोठं कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायचं, असे तुकडे कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडत जायचं. चारी बाजू जोडल्या गेल्या की कागद ओढून काढायचा. माझ्या एका गोधडीत एक कागद राहून गेला. अजून कूस बदलली की कुरकुरतो. कुठल्या तरी ऑगस्टची एकादशी आहे आत.

तुम्ही मात्र पहिल्या खेपेला तुकडे करूच नका. साडी साडेपाच मीटर. तिचे सारखे तीन भाग केले तर प्रत्येक सहा फुटांचा, रुंदी पावणेचार फूट. एकावर एक ठेवले की एका साडीत एका माणसाची तीन थरांची गोधडी. नक्षी विकत आणायला नको, काठ आहेतच. पदराचा भाग सगळ्यात वर घ्या, तो आडवा कापू नका. काठाच्या रेघेला समांतर धावदोरा घालत चला. चौथ्या-पाचव्या रेघेला तुम्हाला आपोआप कळेल कुठे दाट हवा, कुठे विरळ. आणि ते दोनशे फोटो काही दिवस बघू नका. आजी कुठे बघायची फोटो.

उकाड्याचं उत्तर: ज्या घरात एसीचं रिमोट दुसऱ्याच्या हातात असतं, त्या घरात गोधडी बारा महिने लागते. सासूबाईंना माझं नाव सांगू नका.

उस्ताद_शिवणयंत्र (दादर)

काकूंचं हाताच्या शिवणीपुरतं बरोबर. मशीनवर कडेने आत कधीच येऊ नका. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात आणि वरून पाय दाबून धरतो, त्यामुळे वरचा थर मागे राहतो. मधून बाहेर जा. जास्तीचं कापड कडेला निघतं, तिथे कापून टाकता येतं. वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही पुढे सरकवणारा पाय, मिळाला तर लावा, नसेल तर पायाचा दाब कमी करा, टाक्याची लांबी साडेतीन-चारवर ठेवा. पिना भरपूर.

दुसरं, साड्या आधी धुतल्यात का? नुसत्या नाही, वेगवेगळ्या बादलीत रात्रभर भिजवून. पाणी रंगलं तर परत. माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, घरात जपलेले खण आणि पांढरं मांजरपाट जोडून द्या म्हणाल्या. मी विचारलं धुतलंय का, म्हणाल्या हो हो. पहिल्या धुण्यात पांढरं गुलाबी झालं आणि शिव्या मला. तेव्हापासून ओला पांढरा रुमाल कापडावर घासून बघितल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही.

इरकलीत रेशीम मिसळलेलं असेल तर ती सुतीबरोबर घेऊ नका, दोन्ही सारखी आटत नाहीत. नायलॉन, जॉर्जेट तर अजिबात नको, सरकतात आणि घाम शोषत नाहीत. अस्तराला मांजरपाट हवं असेल तर मंगलदास मार्केट. सकाळी जा, दुपारी उभं राहवत नाही. जी काय धुवायची ती मे संपायच्या आत धुवा. जूनमध्ये धुतलेली तीन थरांची गोधडी पंख्याखाली चार दिवस ओलीच, आणि वास असा येतो की परत धुवावी लागते.

वाकळवाली (कांजूरमार्ग, माहेर कोल्हापूर)

आमच्याकडे गोधडी नाही, वाकळ. एवढं एक सांगून मग बोलते.

मधून बाहेर की कडेने आत, यावर उस्तादांशी भांडायला आवडेल. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्या एका कोपऱ्यापासून निघतात, कडेकडेने ठिगळं लावत फिरत फिरत मध्याशी येतात. शेवटी चार कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. फुलं नसतील तर कवंद नागडी दिसते म्हणतात. मी तिथून एक आणलीय, मधे हात फिरवला तर फुगा शोधून सापडत नाही. तेव्हा दोष दिशेचा नाही, घाईचा आहे. आठबाराची स्लो म्हणे!

इरकली मधे विरल्या असतील, बसून बसून विरतातच. विरलेला भाग काढून दोन्ही चांगल्या टोकांना दंड घाला, म्हणजे ती एकमेकांना जोडून शिवा. आई लुगड्याला दंड घालून वर्षभर नेसायची, तो जोड पायघोळात असा लपायचा की शेजारणीला कळायचं नाही. विरलेला भाग फेकू नका, आतल्या थरात घाला. अंगाला लागतं तेव्हा सगळ्यात मऊ तोच असतो.

रंगांचं मी काय करते सांगू? दादरच्या फुलगल्लीत सकाळी सातच्या आत जाऊन उभी राहते. एकदा एका टोपलीत शेवंती, तिच्यावर कुणीतरी आबोलीची वेणी टाकलेली आणि खाली ओलं गोणपाट. पिवळा, फिकट केशरी आणि मातकट. घरी येऊन तसंच्या तसं लावलं. तुमच्या लिंबू वॉयलला मातकट काहीतरी शेजारी द्या, फुलाफुलांच्यात असेल.

आठबाराची_स्लो (गोरेगाव)

तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय, रागावू नका.

सगळ्या साड्या वेगवेगळ्या भिजवल्या. एका फुलाफुलांच्या साडीने बादलीभर जांभळं पाणी सोडलं, ती बाद. उस्ताद, तुमच्या रुमालामुळे वाचले. सुरुवात मोरपिशी नारायणपेठीने केली, काकूंच्या हिशोबाने तीन भाग, पदर वर. लादीवर पसरायला हॉलमधला सोफा सरकवावा लागला. तांबे दोनच होते, म्हणून दोन कोपऱ्यांवर प्रेशर कुकर आणि नवऱ्याचा डंबेल. कच्चे टाके घालायलाच एक अख्खा रविवार गेला.

मग रोज लोकलमध्ये, माझ्या आठ-बाराच्या स्लो गाडीत. घडी करून पिशवीत, मांडीवर फक्त वीतभर भाग उघडा. पहिल्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी सुई घेतली आणि न बोलता चार टाके घालून दाखवले, माझ्यापेक्षा निम्म्या आकाराचे. मालाडला चढणारी एक मुलगी आता जागा धरून ठेवते, अट एकच, तिला एक रेघ घालू द्यायची. तिची रेघ जरा वाकडी आहे. उसवली नाही.

फुगा? आला. छोटा, पुरीएवढा नाही, पाणीपुरीएवढा. चिमटा घेतला आणि वर लिंबू वॉयलचा चौकोन लावला. शेजारी एका साडीतला चॉकलेटी तुकडा दिलाय, वाकळवाली ताई. फारच छान दिसतंय, स्वतःच सांगते.

काल आई आली. गोधडी उलटीपालटी केली, टाके मोजल्यासारखे बघितले, लिंबू चौकोनावर हात फिरवून म्हणाली, "हे छान सुचलं हो तुला." मी गप्प. मग काठाकडे बघत राहिली. म्हणाली, "ही मोरपिशी कशी आली यात? ही मी द्यायची नव्हती. ही शोधतेय मी पाडव्यापासून."

आता काय करू?

नेढं_दिसेना (मुलुंड, मूळ लालबाग)

पदर शाबूत आहे ना? मग त्यांच्याच पलंगावर टाका. साडी घरी परत गेली.

आठबाराची_स्लो (गोरेगाव)

टाकली, काकू. आत्ता फोन आला होता. म्हणते, एक कड नीट दाबली गेली नाहीये, येशील तेव्हा सुईदोरा घेऊन ये. आणि उरलेल्या साड्यांपैकी त्या दोन इरकलींना हात लावू नकोस.