१.३ मल्टिजेट डिझेल: सकाळी खडखड, चढावर पिकअप नाही. आधी कशाला हात घालू?

कातळवाट
मंडळी, घरातली जुनी डिझेल गाडी आता माझ्याकडे आली आहे. इंजिन १२४८ सीसीचं, ७५ हॉर्सपॉवरवालं मल्टिजेट. रनिंग दीड लाख किलोमीटरच्या घरात. सर्व्हिसची बिलं अर्धवट आहेत, मधल्या काळात ऑइल कधी बदललं ते कळायला मार्ग नाही.

त्रास दोन आहेत. रात्रभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद फॅनबेल्टच्या बाजूने खडखड येते, मग बंद होते. दुसरं म्हणजे दोन हजार आरपीएमच्या पुढे जो जोर यायला हवा तो येत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागे काळा धूर आणि बॉनेटखालून फुस्स असा आवाज. चेक इंजिनचा दिवा लागत नाही.

बजेट आधीच सांगतो: गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घालायचं नाही. गाडी विकायचीही नाही. गॅरेजवाल्याने काहीही न खोलता "टर्बो गेला" म्हणून सांगून टाकलंय. आधी काय, मग काय, एवढा क्रम सांगा.

घाटमाथा
टर्बोच गेला. माझ्या गाडीला अगदी हेच झालं होतं, काळा धूर आणि पिकअप शून्य. रिपेअर किटच्या भानगडीत पडू नका, अख्खा नवीन टर्बो टाका, सोबत सगळे होजही नवीन. मी टाकला तेव्हापासून गाडी नुसती पळते. बजेटचं म्हणाल तर डिझेल गाडी ठेवायची तर हात सैल सोडावाच लागतो.

नांगरट
विकून टाका. दीड लाखानंतर या छोट्या डिझेल इंजिनांत एकामागून एक खर्च निघत राहतो. आज टर्बो, उद्या डिझेल फवारणारं नोझल, परवा क्लच. मी पेट्रोल घेतली आणि सुखात आहे.

सावळाघाट
+१. विका.

फीलरगेज
कातळवाट, तुम्ही दिलेल्या लक्षणांत "फुस्स" हा शब्द सगळ्यात कामाचा आहे. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच कुठेतरी सुटते आहे. एअर फ्लो सेन्सरने हवा मोजलेली असते, त्या हिशोबाने इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल सोडतो, पण सिलिंडरपर्यंत तेवढी हवा पोहोचतच नाही. म्हणून डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर येतो आणि गाडी ओढत नाही. टर्बो ठणठणीत असतानाही हे होतं.

इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोपासून इनटेकपर्यंतचा प्रत्येक रबरी होज हाताने पिळून बघा. वरून चांगला दिसतो, चीर खालच्या अंगाला किंवा क्लॅम्पच्या कडेला असते आणि दाबल्याशिवाय उघडत नाही. बाहेरून ऑइलची ओली रेघ आणि तिच्यावर धूळ बसलेली दिसली तर तिथेच शोधा.

होज नीट असेल तरच टर्बोकडे जा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढला की कॉम्प्रेसरचं चाक दिसतं. बोटाने फिरवा. वर-खाली किंचित खेळ चालतो, तिथे ऑइलची फिल्म असते. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पात्यांच्या घासण्याच्या खुणा घरावर दिसल्या तर टर्बो संपला. पाइपात ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या भागाची) वाफ त्याच वाटेने जाते.

घाटमाथा
म्हणजे शेवटी टर्बोच बघायला सांगताय. मी तेच म्हणालो.

चारचाकी_वेडा
माझ्याकडे ९० हॉर्सपॉवरवालं आहे, व्हीजीटी टर्बोचं, म्हणजे आतली पाती वळणारा टर्बो. २०० एनएम टॉर्क १७५० लाच मिळतो, लॅग (जोर यायला लागणारा उशीर) नावाला. ७५ वाल्यात फिक्स्ड टर्बो, त्यात १९० एनएम आहे पण दोन हजाराखाली मजा नाही. रीमॅप (इसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करून घ्या, फरक थक्क करणारा आहे.

फीलरगेज
हवा गळत असताना रीमॅप केला तर धूर वाढेल आणि टर्बोवर ताण येईल. आणि दीड लाखाच्या क्लचवर जास्तीचा टॉर्क कशाला?

डिझेलप्रेमी
ईजीआर (एग्झॉस्टचा धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह) ब्लँक करा, म्हणजे बुजवून टाका! सगळ्या रोगांचं मूळ तिथे आहे. एग्झॉस्टची काजळी आणि क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल एकत्र येऊन इनटेक आतून निम्मा बुजतो. मी पत्रा कापून बसवला, गाडी मोकळी झाली.

हिरवीपाती
ईजीआर बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. त्यासाठीच तो बसवलेला असतो. आपल्या गाडीच्या मागे चालणाऱ्याने ते का ओढायचं? असा सल्ला देऊ नका, कृपया.

डिझेलप्रेमी
आणि बुजलेल्या ईजीआरमुळे जो काळा धूर निघतो तो चालतो का?

हिरवीपाती
मग साफ करा ना. व्हॉल्व्ह काढायचा, कार्बन क्लीनर मारायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचा, नवीन गॅस्केट लावून बसवायचा. पत्रा कापण्याइतकंच काम आहे.

फीलरगेज
हिरवीपातींना अनुमोदन. शिवाय नंतरच्या मॉडेल्समध्ये ब्लँक केलं की इसीयूला हवेचा हिशोब लागत नाही आणि दिवा लागतो.

लाल_मुंगी
खडखडीबद्दल कोणीच बोलत नाहीये. ती टायमिंग चेन आहे, क्रँक आणि कॅम शाफ्ट एका लयीत फिरवणारी. या इंजिनात बेल्ट नसून चेन आहे, आणि "चेन आयुष्यभर टिकते" हे ऐकून लोक बेफिकीर राहतात. माझ्या भावाच्या गाडीची चेन एक दात सरकली. रॉकर तुटले. हेड उतरवावं लागलं. त्याला एका गॅरेजने वर्षानुवर्षं "अजून चालेल" म्हणत जुन्याच ऑइलवर फिरवलं होतं. अजूनही आठवलं की संताप येतो.

नांगरट
म्हणूनच म्हटलं, विका.

जुनाणे
चेनला काही होत नाही. माझी त्याच इंजिनाची गाडी कुठल्या कुठे गेली, चेन कंपनीचीच आहे. ऑइल जाड वापरा, १५डब्ल्यू-४०. पातळ ऑइलमुळे आवाज येतात.

फीलरगेज
जुनाणे, इथे माझं ठाम मत वेगळं आहे. चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) ऑइलच्या दाबावर बाहेर येतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, सकाळी ते परत चढून टेन्शनरपर्यंत पोहोचेपर्यंत चेन सैल असते आणि कव्हरच्या आत आपटते. तीच ती दोन-तीन सेकंदांची खडखड. जाड ऑइल थंडीत आणखी उशिरा पोहोचतं. हायड्रॉलिक टॅपेटही त्याच ऑइलवर अवलंबून आहेत. या इंजिनाला फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० द्या, डीपीएफ (एग्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, सी२ किंवा सी३ लिहिलेलं. ऑइल मावतं जेमतेम तीन-सव्वातीन लिटर. एवढ्याशा ऑइलवर टर्बो, चेन, टॅपेट सगळे जगतात, म्हणून ते लवकर काळं आणि निकामी होतं. दहा हजार किलोमीटरला बदलायचंच, गाडी शहरात जास्त चालत असेल तर त्याच्याही आधी.

डिपस्टिक ओढून वासही घ्या. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. डीपीएफचं रीजनरेशन (साचलेली काजळी जाळणं) अर्धवट राहिलं की असं होतं, नोझल गळत असेल तरीही.

आधी ऑइल आणि चांगला फिल्टर बदला, मग खडखड किती उरते ते ऐका. कमी झाली तर चेन थांबू शकते. ऑइल बदलूनही तशीच राहिली तर चेनचं किट टाका.

जुनाणे
आम्ही वर्षानुवर्षं जाडच वापरत आलोय.

डिझेलप्रेमी
सर्व्हिसच्या आधी इंजिन फ्लश मारायला विसरू नका. सगळा गाळ निघतो.

सावळाघाट
+१ फ्लश.

चारचाकी_वेडा
फ्लश +१. अवांतर: हे इंजिन सुझुकीचं की फियाटचं? आमच्याकडे यावरून कायम वाद होतो.

पितळीतांब्या
फियाटचं. जनरल मोटर्सबरोबरच्या भागीदारीच्या काळातलं, २००३ मध्ये आलं, पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावाच्या कारखान्यात बनायचं. सुझुकीने परवाना घेऊन बनवलं. ६९.६ मिमी बोअर, ८२ मिमी स्ट्रोक, १६ व्हॉल्व्ह. मुळात प्रवासी गाड्यांतली कॉमन रेलच (सगळ्या नोझलना जास्त दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी) फियाटच्या घरात वाढली. १९९७ ची अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल डिझेल असलेली पहिली कार, तंत्र बॉशला विकल्यानंतरची. या छोट्या इंजिनात एका आवर्तनात पाच वेळा डिझेल फवारता येतं, म्हणून नाव मल्टिजेट. एवढ्या आकारात इतकं नेटकं इंजिन त्या काळात दुसरं नव्हतं असं मी मानतो.

चारचाकी_वेडा
वा! भावाला लगेच पाठवतो.

लाल_मुंगी
धागा भरकटतोय. कातळवाट, नोझलच्या बुडाशी बघा. तिथे डांबरासारखा काळा, चिकट थर असेल आणि टिक-टिक आवाज येत असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. वॉशर स्वस्त आहे, पण दुर्लक्ष केलं की नोझल त्या थरात अडकून बसतं आणि काढताना रडवतं.

फीलरगेज
बरोबर. आणि एक कळकळीची सूचना: रेलमध्ये १४०० बारपासून पुढे दाब असतो. इंजिन चालू असताना डिझेलच्या पाइपांवरून बोट फिरवून गळती शोधू नका. बारीक फवारा कातडीतून आत घुसतो, हात गमवायची पाळी येते.

कातळवाट
सगळ्यांचे आभार. आज दुसऱ्या फिटरकडे गेलो. होज पिळून बघितला. टर्बोच्या बाजूच्या क्लॅम्पलगत, अगदी खालच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी चीर निघाली, दाबली की उघडायची. होज आणि क्लॅम्प नवीन. तोच चढ, तोच तिसरा गिअर: धूर नाही, फुस्स नाही, दोन हजाराला गाडी उचलते. टर्बोचं चाकही बघितलं, पुढे-मागे खेळ अजिबात नाही. ईजीआर काढून साफ केला, नोझलची बुडं कोरडी आहेत.

घाटमाथा
होज बदलला म्हणजे टर्बोच्या सिस्टीमचंच काम झालं.

लाल_मुंगी
छान. आता फीलरगेज म्हणतात तसं ऑइल बदलून खडखड ऐका, मग चेनचं ठरवा.

जुनाणे
झालं ना काम? इंजिन उघडू नका. एकदा खोललेलं इंजिन पूर्वीसारखं बसत नाही.

कातळवाट
नाही, मी चेन आत्ताच बदलतोय. ऑइल घालून वाट बघणार नाही. बजेटच्या थोडं वर जाईल, जाऊ दे. बिलं नसलेल्या गाडीच्या टेन्शनरवर घरच्यांना बसवून रात्रीचा प्रवास करायला माझं मन धजत नाही. फ्लशही मारणार नाही, सुटलेला गाळ ऑइलच्या वाटेत अडकला तर टर्बो उपाशी राहील असं फिटर म्हणाला आणि मला ते पटलं. गाडी उद्या सकाळी त्याच्याकडे सोडतोय.

नांगरट
एवढा खर्च करून वर्षभरात विकाल, बघा.

फीलरगेज
मी थांबलो असतो, पण करताय तर पूर्ण करा. नुसती चेन नको. टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट सगळं एकाच किटमधलं आणि जेन्युइन. कॅम आणि क्रँक लॉक करायची टूल फिटरकडे आहेत का ते आधी विचारा. पांढऱ्या रंगाच्या खुणा करून अंदाजे बसवणार असेल तर गाडी परत आणा. पुढचं कव्हर काढताना संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरेलच. सक्शन पाइपची जाळी काढून धुवून घ्या, आणि संपच्या तळाला काय साचलंय त्याचा फोटो इथे टाका.