कोरहाचं बंड आणि मंडळीचा हिशोब

रविवारचा_श्रोता:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सभेत एकाने बांधकाम फंडाचा हिशोब मागितला, तर पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या गणना पुस्तकाचा १६ वा अध्याय काढला, इस्राएलचा पुढारी मोशे याच्याविरुद्ध उठलेल्या कोरहाला जमिनीने गिळलं, देवाने नेमलेल्याच्या विरोधात बोललं की असं होतं, सगळा उपदेश यावरच. लोक चिडीचूप. हिशोब मागणं म्हणजे बंड का? आणि कोरहाचं नक्की चुकलं काय, कारण सगळीच मंडळी पवित्र आहे हे त्याचं म्हणणं मला तर बरोबरच वाटतं.

मागचा_बाक:
वाटणारच, सीनाय डोंगरापाशी देवानेच इस्राएलला पवित्र राष्ट्र म्हटलंय. पण तो कोण होता बघा ना, देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशातला, कहाथाच्या कुळातला, मोशेचा चुलत भाऊ, पवित्रस्थानातल्या वस्तू खांद्यावर वाहून न्यायचा मान त्याच्याच कुळाला. मोशे त्याला तेच विचारतो, एवढं मिळालंय ते कमी पडलं, आता याजकपण (देवापुढे धूप-अर्पण करायचं पद) पण पाहिजे? म्हणजे भाषा सगळ्यांच्या हक्काची आणि डोळा मोशेचा भाऊ, मुख्य याजक अहरोन याच्या जागेवर. सोबतचे २५० सरदारही धुपाटणी घेऊन लगेच हजर. कोरहाचे साथीदार दाथान-अबीराम यांची तर कमालच, मोशेने बोलावलं तर येत नाही म्हणाले, वर जिथे गुलामी केली त्या मिसरलाच (इजिप्तला) दुधामधाचा देश म्हणाले!

जुना_पंच:
पटलं. पण त्याच पुस्तकात २७ वा अध्याय पण आहे, त्यावर उपदेश कधी ऐकलाय का कुणी? सलाफहादाच्या पाच मुली मोशे, एलाजार याजक, सरदार आणि अख्ख्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या, म्हणाल्या आमचा बाप कोरहाच्या टोळीत नव्हता, त्याला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला जमिनीचं वतन द्या. मोशे काही ओरडला नाही त्यांच्यावर, प्रकरण देवापुढे नेलं, आणि देव म्हणाला मुलींचं बरोबर आहे. नियमच झाला मग तो. आणि कोरहाच्या वेळी मोशे स्वतःच सांगतो की मी यांचं एक गाढवसुद्धा घेतलेलं नाही. कुणी न मागता हिशोब दिला की माणसाने.

मागचा_बाक:
हो हे आहे. आणि दुसऱ्या दिवशी लोक मोशे-अहरोनावरच उलटले आणि मरी सुरू झाली, १४,७०० मेले, तेव्हा ज्याची खुर्ची पाहिजे होती तोच म्हातारा अहरोन धुपाटणं घेऊन धावला आणि मेलेल्या-जिवंतांच्या मधे उभा राहिला. पुढारी देवाने नेमलाय की नाही हे मी तरी तिथे बघतो, माइकवर किती जोरात बोलतो त्यात नाही.

रविवारचा_श्रोता:
२७ वाचला आत्ता. त्या मुली चारचौघांत बोलल्या, पाठीमागे कुजबुज नाही, हे मला आवडलं. आमच्याकडे हिशोब मागणाऱ्याने आधी व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काय काय पसरवलेलं, ते पण खरं. त्याला सांगतो ते थांबव, आणि पंच कमिटीकडे चार जण सह्या करून लेखी अर्ज देतो.

जुना_पंच:
द्या. पोच घ्या फक्त.