दिव्यांगांचा ५ टक्के निधी: फक्त रोजगारासाठी, की खेळ-करमणुकीसाठीही?

कऱ्हाकाठ
आमच्या ग्रामसभेत यंदा दिव्यांग निधीवरून बरीच वादावादी झाली. ग्रामपंचायत असो वा महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा, असा आपल्या राज्यात नियम आहे. आमच्याकडे तो दरवर्षी सगळ्यांच्या खात्यात वाटून टाकतात. एकेकाच्या वाट्याला येतं ते महिन्याच्या किराण्यालाही पुरत नाही. या वेळी काही तरुणांनी मागणी केली, की यातले थोडे पैसे वाचनालयाच्या रॅम्पला, अंधांच्या क्रिकेटच्या साहित्याला आणि बुद्धिबळाच्या पटांना द्या. लगेच मागून आवाज आला, "पोटाला नाही आणि चेंडू कसले मागता?"

मी तरुणांच्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांतलं ४ टक्के आरक्षण आहे, तसंच कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि करमणूक आहे, कलम ३० मध्ये खेळ. पण करमणुकीचा विषय निघाला की तो चैनीच्या खात्यात जातो. अंधांचं क्रिकेट एकदा जवळून बघा. कडक प्लास्टिकचा चेंडू, आत खुळखुळणारे छर्रे. गोलंदाज "रेडी?" विचारतो, समोरून "येस" आलं की "प्ले" म्हणून चेंडू जमिनीलगत सोडतो. फलंदाज वाकून, कान देऊन स्वीप मारतो. घराबाहेर एकट्यानं न पडलेला मुलगा या खेळासाठी एसटीनं तालुक्याला जायला शिकतो. कुठे कामाला माणूस हवाय, ही खबर बहुतेकांना ओळखीतूनच लागते. घरात बसून ओळखी कुठून होणार?

सह्याद्री_पायथा
मला लहानपणी पोलिओ झाला, कुबड्यांवर चालतो. झेरॉक्सचं दुकान आहे. तुमचा हेतू चांगला आहे, पण मी विरोधात आहे.

आमच्या पिढीला टेलिफोन बूथ मिळाले होते. मोबाइल आले आणि बूथ ओस पडले. त्या माणसांना दुसरं काही शिकवायला कोणी फिरकलं नाही. अंध मित्र खुर्च्या विणायचे, प्लास्टिकच्या खुर्च्यांनी तेही संपवलं. खासगी कंपन्यांवर तर सक्तीच नाही. कलम ३५ म्हणतं, मनुष्यबळात ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारनं कंपन्यांना प्रोत्साहन द्यावं. प्रोत्साहन! मग गावातल्या माणसाच्या हाती उरतो तो हाच निधी. त्यातून शिलाई मशीन घ्या, पिठाची गिरणी घ्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अंधांना शिकवा. दिवसभर काम करून आलेल्याला संध्याकाळ मोकळी मिळते. ज्याला कामच नाही त्याला मोकळा वेळ नुसता खायला उठतो. त्याच्या हातात पट देऊन काय होणार?

लेकाची_आई
दादा, तुमचं दुःख कळतं. पण तुम्ही दोघंही माझ्या मुलाला धरून बोलत नाही आहात. तो बौद्धिक दिव्यांग आहे. अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. आता कार्यशाळेत जातो: पणत्या रंगवतो, कागदी पिशव्यांना खळ लावतो. बोट कडेवरून फिरवताना जीभ बाहेर काढून इतका रमतो की हाक ऐकू येत नाही. महिन्याला जे विद्यावेतन मिळतं त्यात रिक्षाचं भाडंही निघत नाही. हे काम म्हणायचं की करमणूक? शुक्रवारी तिथे ढोलकी असते, त्या दिवशी तो स्वतः चपला घालून दारात उभा असतो. इतर दिवशी मला ओढत न्यावं लागतं. ढोलकी बंद करा, महिन्याभरात त्याच्या पिशव्याही बंद होतील.

मुंबईत जुहूला कॅफे अर्पणमध्ये अशीच मुलं-मुली स्वयंपाक करतात, ग्राहकांना वाढतात. ते बघितल्यापासून वाटतं, निम्म्या पालकांनी तरी मुलांकडून अशी अपेक्षा ठेवावी. आणि कऱ्हाकाठ, तुमच्या क्रिकेटमध्येही माझ्या मुलाला जागा नाही, हे जरा ध्यानात घ्या.

मध्यमा
करमणुकीला माझा विरोध नाही, पण या निधीतून नको. कारण स्पष्ट सांगते. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन येतो. मंडप, हारतुरे, लिंबू-चमचा, पाहुण्यांचं भाषण, फोटो. बिल लागतं "दिव्यांग क्रीडा" या नावानं. एकदा हे दार उघडलं की सगळा पैसा मंडपवाल्याकडे जाईल.

आणि वाचनालयाचा रॅम्प ५ टक्क्यांतून कशासाठी? सार्वजनिक इमारत सगळ्यांना वापरता येईल अशी करणं हे पंचायतीचं मूळ काम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा. मग दिव्यांगांच्या हक्काचे पैसे दिव्यांगांनीच पायरी मोडायला का द्यायचे?

कऱ्हाकाठ
मध्यमाताई, रॅम्पचं पटलं. तो साधारण निधीतूनच मागू, तसा ठरावही देऊ. पण मंडपाची भीती म्हणून खेळच नको, हे पटत नाही. मशीन खरेदीतही गैरप्रकार होतात, म्हणून रोजगारावरचा खर्च बंद करा असं आपण म्हणत नाही.

दादा, आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. पुण्यात टेल्कोत नोकरीही केली.

सह्याद्री_पायथा
पेटकरांबद्दल मला तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण त्यांच्यामागे लष्कराची इस्पितळं होती. आमच्या तालुक्यात फिजिओथेरपिस्ट नाही, पोहायचा तलाव नाही. त्यांचं नाव घेऊन चेंडू मागू नका.

तरी एवढं सांगतो. लेकाच्या आईंचा ढोलकीचा मुद्दा डोक्यातून जात नाही. कामाच्या जागीच, कामाला जोडून काही होणार असेल, तर मी हात वर करीन. सुट्या क्रीडासाहित्याला नाही.

लेकाची_आई
मग ग्रामसभेच्या आधी दिव्यांगांची वेगळी बैठक लावा आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या घरच्यांनाही बोलवा. आमच्या गावात लाभार्थ्यांची यादी वाचतात, "तुम्हाला काय हवं" असं आजवर कोणी विचारलेलं नाही.