मे महिना, रहस्यकथा अन् वाचनालयाची किल्ली

दर्यापूरचे गुरुजी
सुट्टीत पोरांनी वाचावं, असं सगळेच म्हणतात. काय वाचावं ते कोणी बोलत नाही. आमच्या गावात मे महिनाभर पोरं झुंजार, काळा पहाड, दारा बुलंद या नायकांच्या रहस्यकथांच्या जुन्या फाटक्या प्रती नाहीतर मोबाइलवरच्या पीडीएफ वाचत पडलेली असतात. शाळा उघडल्यावर विचारलं तर कोणी कोणाला कसं मारलं एवढंच सांगतात. एका महिन्यात चार चरित्रं वाचून होतात. स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत गावातल्या पोरांना हा महिना खुनांवर घालवणं परवडणारं नाही. पालकांनी असली पुस्तकं घरात येऊच देऊ नयेत.

राळेगावचा कास्तकार
गुरुजी, तुमचं बाकी सगळं वाचून मी गप्प बसलो असतो. ते 'घरात येऊच देऊ नयेत' वाचलं अन् राहवलं नाही.

ज्या घरात पुस्तकच नाही, तिथं कोणतं पुस्तक येऊ द्यायचं नाही हा प्रश्न कुठून आला? आमच्या घरी पंचांग अन् बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर, एवढंच छापील होतं. पहिलं पुस्तक बाबांनी यवतमाळच्या एसटी स्टँडवरून आणलं, कारण गाडीला उशीर होता. गुरुनाथ नाईकांची रहस्यकथा होती, कॅप्टन दीपची. ते घरात आलं नसतं तर दुसरंही आलं नसतं.

आता मे महिन्याचं. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी दहापर्यंत वखरणी होते, नाहीतर धसकटं वेचून होतात. त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत वावरात कोणी थांबत नाही. लाइन गेलेली असते. पुण्याकडच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भातल्या जूनच्या शेवटी. एवढ्या लांब दुपारी ज्या पोरानं आजवर एकही पुस्तक संपवलं नाही, त्याच्या हातात तुम्ही पाचशे पानांचं चरित्र देणार? तो विसाव्या पानावर झोपतो, आणि पुस्तक हे आपलं काम नाही, असं कायमचं ठरवून टाकतो. शंभर पानांची रहस्यकथा तो एका बैठकीत संपवतो. पुस्तक संपवता येतं, हे कळणं फार मोठं आहे. आपण लहानपणीच वाचायला लागलो म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

आणि पोरं फक्त खून सांगतात, म्हणजे डोक्याला काही मिळत नाही, असा तुमचा सूर. रात्री दहाला कोण कुठं होतं हे लक्षात ठेवावं लागतं, शंका आली की मागची पानं उलटून बघावी लागतात. आमच्या बांधाचं भांडण चाललं होतं तेव्हा पंचनाम्यावर सही करणारा एक पंच त्या दिवशी अकोल्याला लग्नात होता, हे माझ्या ध्यानात आलं. वकिलाच्या आलं नव्हतं. ही नजर मला रहस्यकथांनी दिली. चरित्रंही मी वाचली, पण नंतर.

दर्यापूरचे गुरुजी
पंचनाम्याबद्दल अभिनंदन. पण एका माणसाच्या अनुभवावरून शाळा चालत नाही. माझ्याकडे एक हुशार मुलगा होता. आठवीपासून हीच पुस्तकं. दहावीपर्यंत दुसरं काही हातात धरलं नाही. निबंध लिहायला दिला 'माझं गाव', तर गावात पोलिसांची जीप येते अन् प्रेत सापडतं. पुढं भरतीच्या लेखी परीक्षेत दोनदा राहिला. 'नंतर चरित्रं वाचली' म्हणणारे तुमच्यासारखे थोडे. बाकीचे तिथंच थांबतात, ते इथं लिहायला येत नाहीत.

शिवाय यात आपलं काय आहे? झुंजारवाल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, मान्य. त्यातल्या बऱ्याच गोष्टी इंग्रजीवरून बेतलेल्या, अन् घडतात मुंबईत. आमच्या पोरांनी मलबार हिलचे बंगले पाठ करून काय करायचं?

गोंदियाचा तेंदूवाला
गुरुजी, निबंध तं चांगलाच लिवला त्या पोट्ट्यानं! तुमी मार्क नाई देले, थे सांगा. अन् भरतीत राह्यला तं पुस्तकाचा दोष कसा? आमच्या इकडं पुस्तक न वाचणारे पोट्टेही राह्यतेच ना जी.

आमी तं हिंदीच वाचलं. सुरेंद्र मोहन पाठक, वेदप्रकाश शर्मा. स्टेशनवर तेच भेटे. पहाटे तेंदूपत्ता तोडाले जंगलात, दुपारी पुडे बांधून झाले का फळीवर ठेवलेली कादंबरी. पण मुंबईचं तुमचं म्हणणं मले पटते. मराठी रहस्यकथेत वऱ्हाडी बोलणारा माणूस कवा येते? नोकर म्हणून येते, लोकं हसवते अन् जाते. इकडं वाघाचं जंगल, तेंदूचे ठेके, सागाची चोरी, जमिनीचे सौदे, सगळं पडलं हाये. इन्स्पेक्टर मात्र दादरचाच. याचा राग मले लय दिवसाचा हाये.

आर्वीची सून
सगळे भाऊ मे महिन्याची दुपार अशी सांगून राह्यले, जशी सगळ्यांची रिकामी असते. शेवया, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, लग्नाचे पाहुणे, अन् विहीर आटली की पाणी. आमची दुपार यात जाते. तरी मी वाचते. नारायण धारपांच्या भयकथा मी कुरडया वाळत घातलेल्या गच्चीवर, जिन्याच्या सावलीत बसून वाचल्या.

पण पुस्तक कसं मिळवलं ते विचारा. गावात वाचनालय आहे. सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ. दोन्ही वेळा चुलीच्या. ओट्यावर गडी माणसं पेपर घेऊन बसलेली, त्यांच्यामधून सुनेनं आत जायचं कसं? मी दिराच्या नावावर पुस्तक मागवते. तो त्याला आवडेल ते आणतो. गुरुजी म्हणतात चरित्र वाचा, भाऊ म्हणतात रहस्यकथा वाचा. आधी दुपारी दार उघडा, मग काय वाचायचं ते आमचं आम्ही ठरवू.

ड वर्गाचा ग्रंथपाल
ताई, तुमचं गाव माझं नाही, पण वाचनालयाची गोष्ट आली म्हणून लिहितो, कारण दार बंद दिसलं की लोक ग्रंथपालालाच बोलतात.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं आम्हाला मान्यता आहे. ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या, ग्रामीण वाचनालयाला वर्षाचं सरकारी अनुदान ३०,००० रुपये होतं. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ४८,००० झालं. त्या हिशेबानं महिन्याला चार हजार. त्यात वीजबिल, पेपर, नवी पुस्तकं, बायंडिंग अन् माझा पगार. तेही हप्त्यानं येतं, कधी येईल सांगता येत नाही. मी दुपारी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितो, तेव्हा घर चालतं. त्या दुकानातून उठून, टिनाखाली पंखा फिरत नसताना, मी फुकट बसायचं का?

अन् रहस्यकथांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. माझ्या कपाटात अशी कितीतरी पुस्तकं आहेत ज्यांचं शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलंय. काहींवर पहिल्याच पानावर पेनानं लिहिलंय, 'खुनी भाचा आहे'. नवी प्रत घ्यायला पैसे नाहीत, जुनी मिळत नाही. चरित्रांचं एकही पान फाटलेलं नाही.

राळेगावचा कास्तकार
गुरुजी, ग्रंथपालांचं शेवटचं वाक्य परत वाचा. चरित्राचं पान फाटत नाही, कारण ते कोणी उघडत नाही.

दर्यापूरचे गुरुजी
उलट वाचा. पान फाडणारा वाचक घडवला कोणी? याच पुस्तकांनी. सार्वजनिक वस्तूची किंमत नसलेली पिढी घडली ती अशीच. आणि तुम्ही माझ्याशी ज्या सुरात बोलता, त्या सुरात मी विद्यार्थ्यालाही बोलत नाही.

राळेगावचा कास्तकार
सूर तुम्ही लावला, गुरुजी. आमच्या घरात काय यावं अन् काय नाही, हे तुम्ही सांगितलं. तुमच्या शाळेतली पुस्तकांची पेटी मे महिन्यात कुठं असते? कुलपात. सुट्टीत एकाही पोराच्या घरी शाळेचं पुस्तक जात नाही अन् रहस्यकथेला नावं ठेवता. आधी पेटी वाटा.

आर्वीची सून
तुम्ही दोघं भांडा. ग्रंथपालभाऊ, तुमचं चार हजाराचं गणित मला माहीत नव्हतं, अन् तुमचा राग खरा आहे. पण एक सांगा, तुमच्या रजिस्टरमध्ये बायांची नावं किती? माझी चार वर्षांची वाचनं दिराच्या नावावर लागली आहेत. वरून कोणी पाहणी करायला आलं तर त्याला दिसेल, या गावात बाया वाचत नाहीत. मग दुपारची वेळ मागायची तर कोणत्या कागदावर?

ड वर्गाचा ग्रंथपाल
बायांची नावं थोडी आहेत. बहुतेक शिक्षिका अन् अंगणवाडीताई. हे मी नाकारत नाही. पण खातं उघडायला फॉर्म भरावा लागतो, तो भरायला कोणी येतच नाही.

आर्वीची सून
फॉर्म कुठं मिळतो? त्याच ओट्यामागच्या टेबलावर.

गोंदियाचा तेंदूवाला
ताई बरोबर बोलून राह्यल्या. आमच्याकडं बचत गटाची बैठक महिन्याले होतेच. फॉर्म तिथं न्या, पुस्तकाची एक पेटीबी तिथंच न्या. रॉकेलच्या टाकीवर बसूनबी बाया वाचतीन.

दर्यापूरचे गुरुजी
पेटीचं म्हणाल तर सुट्टीत पुस्तकं घरी द्यायला माझा विरोध कधीच नव्हता. हरवली तर भरून कोण देणार, एवढाच प्रश्न. यंदा पाचवी ते सातवीला मी माझ्या जबाबदारीवर देईन. त्यात एखादी रहस्यकथा असली तर काढून ठेवणार नाही. आठवीच्या पुढं मात्र माझं मत तेच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही.

राळेगावचा कास्तकार
आठवीच्या पुढचं पोरगं तुमच्या मताची वाट पाहत नाही, गुरुजी. पण पाचवी ते सातवीचं बोललात ते करा. पुस्तकं हरवली तर त्यातली पाच मी भरून देतो. पेटीत नाईकांची अन् सुहास शिरवळकरांची मी देतो, शेवटची पानं असलेली.

ड वर्गाचा ग्रंथपाल
बचत गटात पेटी नेणं जमेल. वाहतुकीला पैसे लागत नाहीत, सायकलवर बसते. फक्त देणं-घेणं लिहून ठेवणारं कोणी तिथलंच पाहिजे.

आर्वीची सून
मी लिहीन. तुमच्यासारखंच कोणी आमच्याही गावात भेटलं तर. अन् प्रत्येक पुस्तकापुढं ते वाचणाऱ्या बाईचं स्वतःचं नाव लिहीन, नवऱ्याचं नाही, दिराचंही नाही.