मदत हवी आहे: चार पेनसेलचा कॅमेरा ६०-७० फोटोंतच मान टाकतो

ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला जुना सुपरझूम (लांबचं जवळ ओढणारा) कॅमेरा वापरतोय. सेल निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारे), २००० एमएएच, चारही एकाच पाकिटातले. झूमची मोटर फिरली की लगेच लाल बॅटरी दिसते. सेल काढून मल्टिमीटर लावला: तिघांत १.२५ व्होल्ट, एकात जेमतेम १.०५. चार्जर जोडीजोडीने भरणारा, तिथेच हा एक मागे राहत असावा. खाऱ्या हवेने पट्ट्यांवर आलेला थर खोडरबराने घासला, स्क्रीनची चमक उतरवली, फरक किरकोळ. (अल्कलाइन सुचवू नका, मोटरच्या ओढीला ते आणखी लवकर बसतात.)

प्रत्येक सेल स्वतंत्र भरणारा, रिफ्रेशची (सेल पूर्ण उतरवून पुन्हा भरण्याची) सोय असलेला चार्जर ठाणे स्टेशनच्या आसपास मिळेल का? दोन-तीन रिफ्रेशनंतर हा सेल सावरेल, की चारही बदलू?