साप्ताहिक नोट आणि शिक्षकांचं प्रशिक्षण : त्यामुळे वर्गात काय बदललं?

सीवूड्स, पीवायपी कोऑर्डिनेटर

शुक्रवारी डिस्पर्सल, म्हणजे मुलांना घरी सोडणं, आटोपलं की आमच्या शाळेत सगळ्यांना पुढच्या आठवड्याची नोट जाते. बस ड्युटी कोणाची, रजेवर कोण, सब्स्टिट्यूशन कोणाकडे, असेंब्ली कोणत्या ग्रेडची, प्लॅनर कधीपर्यंत भरायचे, पीटीएमच्या वेळा, आणि बुधवारच्या प्रशिक्षणाचा विषय. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक इंटरनॅशनल शाळांच्या प्राथमिक विभागात थोड्याफार फरकाने हेच चालतं.

ही नोट लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. पीवायपीत, म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) च्या प्राथमिक अभ्यासक्रमात, पाठ्यपुस्तकाचा एकेक धडा संपवत पुढे जायचं नसतं. ३ ते १२ वयाच्या मुलांसाठी सहा सूत्रं ठरलेली आहेत. त्यांवर वर्षभराची युनिट्स उभी राहतात आणि प्रत्येक युनिट शिक्षकांनी एकत्र बसून बांधायचं असतं. एकत्र बसायला वेळच मिळाला नाही तर प्लॅनर भरलेला दिसतो, पण वर्गात त्यातलं काही उतरत नाही. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घेणं अपेक्षित आहे. तास कसेही भरता येतात. त्या तासांनंतर सोमवारी वर्गात तुम्ही काही वेगळं केलंत का, एवढंच मला विचारायचं आहे.

काय केलंत, कोणत्या मुलाचं काय झालं, ते या धाग्यात सविस्तर लिहा. शाळेचं नाव नको, मुलांची नावं तर अजिबात नकोत. आयबी, केंब्रिज, सीबीएसई, जिल्हा परिषद, सगळ्यांनी लिहावं. ऑफिसातल्या आणि बसवरच्या मंडळींनीही लिहावं, कारण नोट त्यांच्यापर्यंत पोचलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

घोडबंदर रोड, ग्रेड २ होमरूम (वर्गशिक्षिका)

आमची नोट पूर्वी पानोपानी असायची. नवीन हेड आल्या आणि त्यांनी सगळ्या ड्युट्या वेगळ्या तक्त्यात टाकल्या. नोटमध्ये एक परिच्छेद नव्याने सुरू केला, 'एका वर्गात पाहिलं' नावाचा. दर आठवड्याला त्या एका वर्गात बसतात आणि काय पाहिलं ते लिहितात. कौतुक नाही, सूचना नाहीत, फक्त पाहिलेलं.

एकदा त्यांनी ग्रेड ४ बद्दल लिहिलं होतं. पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली, हे आपल्या मुलांना पाठ असतं. त्या वर्गातल्या शिक्षिकेने नकाशा समोर ठेवला आणि विचारलं, "गाडी ठाण्यालाच का थांबली? पुढे का नाही गेली?" आणि ती गप्प राहिली. हेडनी त्या शांततेबद्दल लिहिलं होतं. मुलं आधी एकमेकांकडे बघत होती, मग नकाशावर वाकली, मग एक मुलगी म्हणाली, "पुढे खाडी आहे." खाडीवरचा पूल होऊन गाडी कल्याणला गेली ती १८५४ मध्ये, हे मग मुलांनीच शोधून काढलं.

त्याच नोटच्या शेवटी अमेरिकन शिक्षण संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासाबद्दल दोन ओळी होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात, असं त्यांना दिसलं होतं. मी पाटलीपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बसून ते वाचलं.

सोमवारी माझ्या वर्गात पाण्याचं युनिट सुरू होत होतं. "शाळेच्या नळाला पाणी कुठून येतं?" नेहमीचे तीन हात वर आले. मी कोणालाच विचारलं नाही, थांबले. वर्गात असं थांबणं फार जड जातं, करून बघा. मागच्या रांगेतला एक मुलगा, जो सर्कल टाइममध्येही तोंड उघडत नाही, म्हणाला, "आमच्याकडे टँकरनी येतं. रात्री. हॉर्न वाजवतो." लगेच दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्याही सोसायटीत तसंच आहे. मग टँकर कुठे भरतात, पैसे कोण देतं, नळाला का येत नाही, प्रश्नांवर प्रश्न. युनिटची दिशाच त्या मुलाने ठरवली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना आम्ही वर्गात बोलावलं, आणि हॉर्न का वाजवतात हा त्या मुलाचा पहिला प्रश्न होता.

खारघर, मराठी विषय

मी मराठी शिकवते. २०२० च्या कायद्यामुळे राज्यात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने. त्यानंतर अनेक शाळांनी आम्हाला घेतलं. पण मी आधी जिथे होते तिथे बुधवारच्या प्रशिक्षणात मराठीच्या शिक्षकांना बोलावतच नसत. नोटमध्ये लिहिलेलं असायचं, 'फक्त होमरूम टीचर्ससाठी'. आम्ही त्या वेळात बोर्ड सजवायचो. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण भाषा कशी शिकवायची हे शिकण्याची गरज आम्हालाही तेवढीच आहे.

आताच्या शाळेत सगळे बसतात. एका बुधवारी रनिंग रेकॉर्ड, म्हणजे मुलाच्या वाचनाची शब्दागणिक नोंद, शिकवलं. मूळ पद्धत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांची. मूल वाचत असताना आपण शेजारी बसायचं आणि प्रत्येक बरोबर शब्दाला एक टिक करायची. चुकलं तर मुलाने काय म्हटलं ते वर आणि मूळ शब्द खाली. मूल स्वतः परत मागे येऊन सुधारलं तर तेही नोंदवायचं. शंभरातले ९५ किंवा जास्त शब्द बरोबर आले तर मजकूर सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवण्याजोगा, ९० च्या खाली अवघड. हे सगळं इंग्रजी पुस्तकांवर शिकवलं गेलं. मी ते मराठीवर करून बघायचं ठरवलं.

ग्रेड ३ ची मुलं, एकेकाला लायब्ररीच्या कोपऱ्यात घेतलं. वाक्य साधं : 'माकडाने पिकलेलं केळं उचललं.' हिंदी बोलणाऱ्या घरातला मुलगा 'केलं उचललं' असं वाचून पुढे गेला, मग थांबला, चित्राकडे बघितलं, परत मागे आला आणि हळू म्हणाला, 'केळं'. अर्थ लागत नाही हे त्याचं त्यालाच कळलं होतं. पूर्वी मी पहिल्या चुकीलाच टोकायचे आणि ते परत येणं मला कधी दिसतच नव्हतं. तमिळ आणि मल्याळी घरांतल्या मुलांना ळ ची काहीच अडचण नाही, तो त्यांच्या घरच्या भाषेत आहेच. पण तमिळ मुलांचं 'भात'चं 'बात' आणि 'घर'चं 'गर' होत होतं. पंजाबी घरातली एक मुलगी अक्षरं सगळी बरोबर वाचायची, फक्त शब्दाचं शेपूट गाळायची : 'झाडावरून'चं 'झाडावर'.

म्हणजे 'कच्ची मुलं' असा जो एक गट मी केला होता, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मी गट मोडले. ळ वाल्यांना वेगळं काम, भ-घ-ध वाल्यांना तोंडासमोर कागद धरून कागद हलतो का बघायचा खेळ, आणि त्या मुलीला प्रत्यय झाकून-उघडून वाचायच्या पट्ट्या.

पुढे कोऑर्डिनेटर मॅमनी मला एक बुधवार दिला. मी मराठीतून बोलले, स्लाइडवर फक्त मुलांच्या नोंदी, नावं झाकलेली. शेपूट गाळणाऱ्या मुलीची होमरूम टीचर म्हणाली, "अगं, ती इंग्रजीतही शेवटचा 's' आणि 'ed' गाळते. मला वाटलं ग्रामर कच्चं आहे." आम्ही दोघींनी मिळून पालकांना भेटायला बोलावलं. दोन भाषांच्या दोन शिक्षिका एका मुलीच्या वाचनाबद्दल एकाच टेबलावर बोलत आहेत, हे त्या घराला नवीन होतं. आम्हालाही.

ऐरोली, शाळेचं ऑफिस

मॅडमनी आम्हालाही लिहा म्हटलं, म्हणून लिहितो. नोट इंग्रजीत येते. मावशी, बस अटेंडंट, सिक्युरिटी यांच्यापैकी बरेच जण ती वाचत नाहीत. आता शुक्रवारी मी त्यांच्या कामाचं तेवढं मराठीत आणि हिंदीत बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.

संक्रांतीच्या आठवड्यात त्यात होतं की सीनियर केजीतल्या एका बाळाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. मेसेज ऐकून पाच मिनिटांत मावशींचा फोन. "सर, लाडवात कूट असतो ना! मग त्या बाळाला काय द्यायचं? आणि बाकीची मुलं लाडू खाऊन त्याचा हात धरतील त्याचं काय?" लाडवात कूट असेल हे त्या नोटमध्ये लिहायला आम्हाला कोणाला सुचलं नव्हतं. त्या बाळाचा खाऊ घरून मागवला, लाडू सुट्टीच्या वेळी घरी न्यायला दिले, टेबलं पुसली. मावशींना आता प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला शिक्षकांबरोबर बसवतात. त्यांना मागच्या खुर्च्या देऊ नका, एवढं सांगतो.

वाशी, ग्रेड ५

सगळं पटतं, पण ते प्रशिक्षण घ्यायचं कधी, यावर कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

आमच्याकडे बराच काळ प्रशिक्षण शनिवारी असायचं. बदलीची रजा नाही. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या बाईने शनिवारही द्यायचा आणि वर उत्साह दाखवायचा. आठवड्यात ठेवलं तर साडेतीनला डिस्पर्सल, चारला सत्र, आणि मन साडेपाचपासून पनवेल लोकलमध्ये. ग्रेड ५ ला तर एक्झिबिशनचं, म्हणजे पीवायपीच्या शेवटी मुलांनी करायच्या मोठ्या प्रकल्पाचं, वर्ष. मुलांचे गट, मेंटॉर, मुलाखती, सगळं अंगावर. त्यात बाहेरून आलेल्या माणसाने मुलांना प्रश्न विचारू द्या म्हणून सांगितलं तर राग येतो.

शिक्षकाचं शिकणं हे शिक्षकाचं काम असेल तर ते कामाच्या वेळेत झालं पाहिजे. याबाबतीत मी तडजोड करणार नाही. सीवूड्सच्या ताई, तुम्ही एकत्र बसण्याला वेळ कुठून आणता?

शहापूर, जिल्हा परिषद शाळा

मुलगी घोडबंदरला इंटरनॅशनल शाळेत शिकवते, तिने हा धागा पाठवला. आमच्याकडे दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, केंद्रप्रमुख असतात, कोणीतरी आदर्श पाठ घेतो. कधी अर्धा दिवस परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच जातो, हे खरं आहे. पण पाठ प्रत्यक्ष मुलांसमोर घेतला जातो तेव्हा फार शिकायला मिळतं. एका परिषदेत एका गुरुजींनी दशक-एकक शिकवायला मोहाच्या टोळंब्या, म्हणजे बिया, वापरल्या होत्या. दहाची ढिगली झाली की ती द्रोणात. दुसऱ्याच दिवशी मी माझ्या वर्गात तसंच केलं.

हे आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडकांनी नूतन बालशिक्षण संघाचं काम सुरू केलं ते १९२६ मध्ये. पुढे बोर्डी आणि कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, ताराबाई आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली आणि परिसरातल्या शंख-शिंपल्या, बिया, पानं यांना साधनं केलं. शिक्षक घडवण्याचं कामही तिथेच चाललं. तुमच्या शाळांच्या सहली रिसॉर्टला जातात. एकदा सगळ्या स्टाफला घेऊन कोसबाडला जा. आणि आमच्या परिषदेलाही या, आम्ही तुमच्याकडे येऊ.

ठाणे पश्चिम, शाळा समुपदेशक

थोडक्यात लिहिते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराची घटना समोर आल्यानंतर सगळीकडे पोक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची, सत्रं झाली. ती एकदा करून भागत नाही. २०१२ च्या या कायद्यातलं १९ वं कलम सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या आत चौकशी करून खरं-खोटं ठरवण्याचं काम शिक्षकाचं नाही. आमच्या साप्ताहिक नोटच्या तळाशी हे कायम असतं : मूल काही सांगू लागलं तर ऐका, खोदून विचारू नका, गुपित ठेवायचं वचन देऊ नका, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा, लगेच कळवा. सोबत १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर. दर आठवड्याला तेच वाचून कंटाळा येतो अशी तक्रार आली होती, मी ते काढलं नाही. एका को-टीचरने मला नंतर सांगितलं की वेळ आली तेव्हा तिला नेमकी ती ओळ आठवली, 'खोदून विचारू नका'.

सीवूड्स, पीवायपी कोऑर्डिनेटर

वाशीच्या मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे एका ग्रेडच्या तीन तुकड्या आहेत. आठवड्यातून एकदा एकाच वेळी एक तुकडी पीईला, एक आर्टला, एक लायब्ररीत असते, म्हणजे तिन्ही होमरूम टीचर आणि मी एकत्र बसू शकतो. वेळापत्रक एप्रिलमध्ये बनतं तेव्हा हा तास सगळ्यात आधी टाकायचा, बाकी सगळं त्याच्याभोवती. जूनमध्ये मागितला तर मिळत नाही. या तासात सब्स्टिट्यूशन लावायचं नाही हे मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलं आहे. त्यात मुलांच्या वह्या टेबलावर ठेवतो आणि आधी फक्त काय दिसतंय ते बोलतो, मग मतं. नवी मुंबईतल्या टीएस चाणक्यच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघून आलेल्या मुलांची चित्रं अशीच बघताना लक्षात आलं की निम्म्या चित्रांत मागे इमारती होत्या आणि आमच्या प्लॅनरमध्ये इमारतींचा उल्लेखच नव्हता. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, ती शहराला अगदी लागून आहे. मुलांनी ते आमच्याआधी टिपलं होतं. युनिटमध्ये बदल केला.

शहापूरच्या सर, परिषदेला यायचं आहे, खरंच. तारीख कळवा, नोटमध्ये टाकते.

कोलशेत, ग्रेड १, नवीन रुजू

सगळे अनुभव दोनदा वाचले. मला पुढच्या टर्मपासून आमच्या ग्रेडची नोट लिहायला सांगितली आहे. ताई, तुमच्या नोटचा साचा सांगाल का?

सीवूड्स, पीवायपी कोऑर्डिनेटर

सांगते. एका पानाच्या वर जाऊ नका. सगळ्यात वर मुलांबद्दल काही असेल ते : नवीन येणारं मूल, अ‍ॅलर्जी, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग. मग वर्गात पाहिलेली एक गोष्ट, घोडबंदरच्या ताईंच्या हेड लिहितात तशी. मग बुधवारचा विषय आणि त्यासाठी काय आणायचं ते. तारखा आणि ड्युट्या शेवटी, तक्त्यात. समुपदेशकांची ओळ कायम तळाशी. पाठवण्याआधी एका को-टीचरला आणि ऑफिसातल्या एकाला वाचायला द्या, काय सुटलंय ते तेच सांगतात. आणि सोमवारी काही बदललं तर वेगळी नोट पाठवू नका. त्याच नोटवर वरती तारीख टाकून बदल लिहा, नाहीतर डिस्पर्सलच्या वेळी दोघी एकाच गेटवर उभ्या असतात आणि दुसऱ्या गेटवर कोणी नसतं.